गाऱ्हाण्यातली एक ओळ

ठाकूरद्वार, मुंबई
१८ नोव्हेंबर २०२४

ति. आईस,
दर्शनाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पोस्टकार्ड परवा पोचलं. करी रोडहून ठाकूरद्वारला यायला त्याला सहा दिवस लागले. हेरंब म्हणाले, सासूबाई चालत निघाल्या असत्या तर वाटेत मेथी घेऊन, निवडूनसुद्धा आधी पोचल्या असत्या. मिलमधल्या आवाजाने तुझे कान गेले, त्यामुळे फोन तुझ्या कामाचा नाही हे ठाऊक आहे. ओवीचं म्हणणं, आजीला ओठ वाचता येतात तर व्हिडिओ कॉल करावा. मी तिला सांगितलं की त्यात ओठ मध्येच थिजतात आणि अर्धा शब्द तोंडात राहतो, असल्या माणसांवर आजीचा विश्वास नाही. ती बराच वेळ हसत होती.

आता मुद्द्याचं. रविवारी आपल्या चाळीच्या कमिटीचे रमाकांतदादा येऊन गेले. ते सांगत होते की सगळी बिऱ्हाडं हलली, दिवाळीनंतर पहिला आणि दुसरा मजला पार रिकामा झाला आणि तिसऱ्यावर तू एकटी आहेस. कागदावर तू केव्हाच सही केलीस, ट्रान्झिटच्या खोलीची किल्लीही तुझ्या डब्यात पडून आहे, आणि तरी तू उठत नाहीस. पंधरा जानेवारीला पाणी आणि वीज दोन्ही तोडणार, त्यानंतर पाडकाम. आई, चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे धाडस कशासाठी? आमच्याकडे आतली खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे. ओवीने भिंतीवरची स्वतःची चित्रंही काढली.

दादा आणखी एक बोलले, ते लिहू की नको असं झालं. येत्या भोगीला तुझ्या लवूला घरातून जाऊन बारा वर्षं होतील. बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याचा पळसाच्या पानांचा देह करून विधी करतात, तसा आता करून टाकावा, म्हणजे आईचा जीव सुटेल, असं त्यांचं मत. तू विचार कर. बारा वर्षं तू दाराशी बसलीस. त्याहून जास्त कोणी बसत नाही.

अण्णा गेल्यापासून तू नीट जेवत नाहीस, हेही दादांनी सांगितलं. रागावू नकोस. रागावलीस तर निदान पत्रातून रागाव.

तुझी,
दर्शना


करी रोड
२६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. दर्शना हिस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. रमाकांतला सांग, मी तीन वेळा जेवते आणि त्याच्या बायकोपेक्षा चांगलं जेवते. माझं ताट मोजायला त्याला कोणी सांगितलं?

तू ये ये म्हणतेस, पण तू कधी येतेस ते सांग. गणपतीत आलीस ती अर्धा तास, आणि तोंडावर मास्क. कोविड जाऊन दोन वर्षं झाली, तुझा मास्क काही जात नाही. सर्दी आहे म्हणालीस. म्हणालीस असं मी समजते, कारण मला दिसत काहीच नव्हतं. बहिऱ्या माणसासमोर तोंड झाकून बसायचं म्हणजे भाकरी दाखवून डबा बंद करायचा. हेरंबरावांचे ओठ मात्र उघडे होते, ते चहात साखर कमी आहे म्हणाले, ते मी वाचलं.

मी का उठत नाही ते तुला ठाऊक आहे. लवू गेला तेव्हा मी देवापुढे नारळ ठेवून बोलले होते, की त्याचं काय ते कळेपर्यंत हा उंबरा सोडणार नाही. देवापुढे शब्द टाकायचा आणि बिल्डरने टॉवरचं चित्र दाखवलं की उचलायचा, हे मला जमायचं नाही. त्या दिवशी भोगी होती. सकाळी त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलेलं. पांढरा दोरा सापडेना म्हणून मी हिरव्याने लावलं. तो चिडला, की वखारीत सगळे हसतील. मी म्हटलं, रे रोडच्या लाकडाच्या वखारीत तुझी बटणं बघायला कोण बसलंय? हे माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं. भोगीची भाजी त्याच्यासाठी झाकून ठेवली होती.

आता तुला एक सांगते, हसू नकोस. दर सोमवारी तिन्हीसांजेला मी गाऱ्हाणं घालते. पूर्वी मागे सगळी गॅलरी उभी असायची. मी एकेक ओळ बोलायची आणि मागून सगळे व्हय म्हाराजा म्हणायचे. आता मागे कोणी नाही. तरी गेले तीन सोमवार हुंकार येतो. शेजारच्या कदमांच्या रिकाम्या खोलीतून येतो, जिन्याजवळच्या बंद खोलीतून येतो, खालच्या मजल्यावरून येतो. घरातल्या सगळ्यांना सुखी ठेव म्हटलं, हुंकार आला. ओवीला शहाणी कर म्हटलं, आला. मग मी लवूची ओळ बोलते, खयल्याय वाटेन माझ्या लवूक ह्या उंबऱ्याकडे हाडून घाल रे म्हाराजा. तेवढ्या एका ओळीला सगळी चाळ गप्प.

भीती वाटते का विचारशील, तर हो, वाटते. हुंकाराची नाही. त्या गप्प बसण्याची वाटते.

ओवीला आजीचा पापा. माया आहे ती तशीच ठेव, मास्क तेवढा काढ.

तुझी,
आई


ठाकूरद्वार
५ डिसेंबर २०२४

ति. आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र हेरंबना वाचून दाखवलं नाही. जिला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत तिला रिकाम्या खोल्यांतले हुंकार ऐकू येतात, हे त्यांना कळलं तर ते उद्याच टॅक्सी घेऊन तुला उचलून आणतील. आई, रिकामी इमारत वाजते. दारं सुटी झाली आहेत, खिडक्या काढून नेल्या आहेत, वारा शिरत असेल. तू गाऱ्हाणं घालताना तंद्रीत असतेस, त्यामुळे काहीही वाटतं.

ओवीने विचारलं, गाऱ्हाणं म्हणजे काय? मी सांगितलं, की आपल्या तळकोकणात देवाला नुसता नमस्कार करत नाहीत, उभं राहून जे काय हवंनको ते एकेक करून त्याच्या कानावर घालतात. मागे उभ्या असलेल्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं तर ते गाऱ्हाणं सगळ्यांचं होतं, नाहीतर एकट्याचं राहतं. तिने विचारलं, एखाद्याला ती गोष्ट पटली नसेल तर त्याने काय करायचं? मी म्हटलं, देवासमोर खोटा हुंकार देत नाहीत, गप्प राहायचं. पोळी करपली म्हणून उठले.

खरं सांगू? मी आता काही मागत नाही. दिवा लावते, हात जोडत नाही. हे सासूबाईंच्या लक्षात आलं आहे, पण त्या बोलत नाहीत. कशापुढे हात जोडायचे? एका घरातली माणसं एकाच देवापुढे उभी राहून एकमेकांपासून लपवालपवी करतात आणि देव मधे बसून ती बघत राहतो, याचं काय करायचं?

एक विचित्र गोष्ट. गेल्या महिन्यापासून आमच्या जिन्यावर ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येतो. सागवानाचा. लवू वखारीतून यायचा तेव्हा त्याच्या केसांना यायचा तसा. इमारतीत कोणाकडे सुतारकाम नाही, मी चारही मजल्यांवर विचारून आले. ओवीला वास येत नाही. मला कपड्यांच्या घडीतही येतो.

माझं एक ऐक. ती लवूची ओळ गाऱ्हाण्यातून काढून टाक. कशासाठी विचारू नकोस, नुसती काढ.

येत्या आठवड्यात येणार होते, पण ऑफिसात वर्षअखेरीचं काम आहे. जपून राहा. अंधारात जिना उतरू नकोस.

तुझी,
दर्शना


करी रोड
१७ डिसेंबर २०२४

चि. सौ. दर्शना हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

ऑफिसचं काम मार्चमध्ये असतं. इतकं तुझ्या आईला कळतं. डिसेंबरात वर्षअखेर करणारी तुमची कंपनी मला बघायची आहे.

मी बरी आहे. गेटवरचा वॉचमन मनू पाणी वर आणून देतो. तो बिहारचा, त्याचे ओठ वाचायला मला महिना लागला, आता भोजपुरी येते म्हण. सहा वाजले की तो वर चढत नाही. काल विचारलं, तर म्हणाला, माताजी, ऊपर आप अकेली नहीं हैं. मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे बाबा, तू पाणी ठेव आणि जा.

वाऱ्याचं सांगतेस ते मला शिकवू नकोस. बारा वर्षं मी मिलच्या वाइंडिंगखात्यात उभी होते आणि भिंतीपलीकडे तुझ्या बापाचं मागांचं साचेखातं. त्या धडधडाटात कानाचा उपयोग नव्हता. कोण काय बोलतंय ते ओठांवरून, कोण कुठे उभं आहे ते पायाखालच्या लाद्यांवरून कळायचं. काल सोमवार होता. गाऱ्हाणं घालताना मागे माणसं उभी आहेत हे मला तळपायांना कळत होतं. गॅलरी भरलेली होती. आणि लवूच्या ओळीला परत तेच. श्वास रोखल्यासारखे सगळे.

ती ओळ काढ म्हणतेस. का काढू? तू हे पहिल्यांदा बोललीस. तुझा बाप होता तोवर तू त्या ओळीला मान खाली घालून उभी राहायचीस आणि सगळ्यात मोठ्याने हुंकार द्यायचीस. अण्णा गेले त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी तू आली होतीस. मी देवाकडे बघत होते, पण समोर फोटोच्या काचेत तू दिसत होतीस. मास्क हलला नाही.

हात जोडत नाहीस त्याबद्दल मी तुला रागवणार नाही. माझे गुडघे गेले तेव्हा मीही चार महिने देवाशी बोलत नव्हते. पण देवावरचा राग आणि माणसावरचा राग यांची गल्लत करू नकोस. कोणी लपवालपवी केली, कोणापासून केली, ते तुझ्या पत्रात नाही. तिथे शाईचा ठिपका पसरला आहे, तू तिथे बराच वेळ थांबलीस.

दर्शना, मी कोणाची वाट बघत बसले आहे ते तुला नीट ठाऊक नाही. तुझ्या पोटात जे आहे ते येऊन सांग. तोंड उघडायला जड जात असेल तर लिही. कागदाला मास्क लावता येत नाही.

तुझी,
आई


ठाकूरद्वार
२८ डिसेंबर २०२४

ति. आईस,
नमस्कार.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता पाचव्यांदा लिहिते आहे आणि न वाचता पाकिटात घालणार आहे.

कोविडात अण्णांना हॉस्पिटलात नेलं तेव्हा तुला आत सोडलं नव्हतं, मला पाच मिनिटं सोडलं. त्यांना धाप लागत होती. त्यांनी तोंडावरची नळी बाजूला केली आणि एकच गोष्ट सांगितली. मी ती जशी ऐकली तशी लिहिते.

लवू गेल्यावर नवव्या दिवशी पोलिसांनी अण्णांना एकट्यांना बोलावलं होतं. बंदराच्या बाजूला पाण्यात एक देह मिळाला होता. कोणी ढकललं नव्हतं, पाय घसरून पडला असावा, असं पोलीस म्हणाले. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. अण्णांनी शर्ट बघितला. वरून दुसरं बटण हिरव्या दोऱ्याने लावलेलं होतं.

आणि अण्णा म्हणाले, हा आमचा नाही.

ते म्हणाले, की निघताना तू देवासमोर बसली होतीस, नऊ दिवस पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. लवू येणार असं तू इतक्या खात्रीने सांगत होतीस की ही बातमी घेऊन आत शिरलो तर एका घरातून दोन जातील असं त्यांना वाटलं. आज नको, तू चार घास खाल्लेस की सांगू, असं ठरवून ते खोटं बोलले. मग दुसऱ्या दिवशी जमलं नाही. मग आठवडा गेला. मग त्या देहाचे सरकारी सोपस्कार झाले, बेवारस म्हणून. त्यानंतर सांगायला तोंडच राहिलं नाही. स्वतःच्या मुलाला बेवारस केलं असं कोणता बाप बोलेल? दर भोगीला ते भाजी आणायला म्हणून जायचे ना, ते स्मशानाच्या फाटकाबाहेर उभे राहून यायचे.

आईला सांग, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. त्यानंतर तासाभराने ते गेले.

आई, मी साडेतीन वर्षं सांगितलं नाही. पहिल्या दिवशी तू अण्णांसाठी रडत होतीस, म्हणून नाही सांगितलं. मग महिना गेला. अण्णांचं जे झालं तेच अगदी तसंच माझं झालं, आणि मी मात्र मनातल्या मनात अण्णांना दोष देत राहिले. तुझ्यासमोर आले की माझे ओठ तुला वाचता येतील या भीतीने मास्क लावला. तू तिथे एकटी बसून त्याला उंबऱ्यावर बोलावतेस आणि मी इथे गरम पोळी खाते. मला झोप लागत नाही. जिन्यावरचा तो वास आता घरात आला आहे.

तो येणार नाही, आई. आता उठ.

यापुढे तू मला पत्र लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

दर्शना


करी रोड
४ जानेवारी २०२५

चि. सौ. दर्शना हिस,
अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमनने हातात दिलं आणि मी उंबऱ्यावरच बसून वाचलं. मग घरात गेले आणि भात टाकला. तू घाबरली असशील म्हणून आधी हे लिहिते, की मी जेवले.

बाळा, मला ठाऊक होतं.

बटणाचं ठाऊक नव्हतं. बंदर ठाऊक नव्हतं. पण लवू नाही हे नवव्या दिवशी संध्याकाळीच कळलं होतं. तुझा बाप पोलिसांकडून आला, पाय धुतले, मला म्हणाला, आपला नव्हता. बोलताना त्याने तोंड वळवलं होतं, मी ते सोडून दिलं. मग गाऱ्हाण्याला उभे राहिलो. पूर्वी गाऱ्हाणं तोच घालायचा. त्या दिवशी म्हणाला, माजी जीभ वळना नाय, तूच घाल. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलं म्हणून चाळीत चार दिवस चर्चा झाली, आठवतं? मी एकेक ओळ बोलत होते आणि काचेत त्याचे ओठ बघत होते. तुझ्या बापाची सवय तुला माहीत आहे. सगळ्यांचं व्हय म्हाराजा म्हणून झालं की मग मागाहून, सावकाश, त्याचा एकट्याचा हुंकार यायचा. बाकीच्या ओळींना तो आला. लवूच्या ओळीला त्याचे ओठ हलले नाहीत.

तो माणूस पोलिसांशी खोटं बोलला, माझ्याशी बोलला, देवाशी बोलला नाही. मेलेल्याला उंबऱ्याकडे आण, याला व्हय कसं म्हणणार?

आता माझं ऐक, कारण हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मला कळलं होतं तर मी त्याच दिवशी त्याला जवळ घेऊन म्हणायला हवं होतं, की पुरे, मला समजलं. मी नाही म्हटलं. मला राग होता. माझ्या पोराची गोष्ट मला सोडून एकट्याने पोटात घालतो, तर घालू दे. याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी सोडणार नाही. म्हणून मी ती ओळ ठेवली. दर सोमवारी मी मुद्दाम ती ओळ बोलायची आणि काचेत त्याच्याकडे बघायची. आठ वर्षं मी तुझ्या बापाला त्या एका ओळीपुढे उभा केला. तो वाळत गेला आणि मी बघत राहिले. लोक म्हणायचे, रखमाबाईची श्रद्धा किती मोठी. श्रद्धा होती, पण तिच्यात एवढं विष कालवलेलं होतं, हे देवाला आणि मलाच ठाऊक. तो हॉस्पिटलात गेला तेव्हा मला वाटलं, परत आला की मीच बोलेन. तो परत आला नाही.

तेव्हापासून मी उंबऱ्यावर बसले आहे ती लवूसाठी नव्हे. तुझ्या बापाने मरताना कोणाला तरी सांगितलं असेल, आणि ते माणूस एक दिवस माझ्यापर्यंत येईल, एवढंच मी देवाला धरून होते. तो नुसताच मेला असेल, ओझ्यासकट, हे मला सोसवत नव्हतं. मास्क बघितला तेव्हा कळलं, की ते माणूस तू आहेस. तुला विचारून काढून घेता आलं असतं. पण एकदा मी माणसाला ओळीपुढे उभं करून बघितलं होतं, परत ते पाप नको. म्हणून थांबले. देवाने ऐकलं. उशिरा ऐकलं, पण पत्र उंबऱ्यावरच आलं.

देवाला हात का जोडायचे, असं तू विचारलं होतंस. मी सातवी शिकलेली, मला मोठं उत्तर येत नाही. आपण सगळे एकमेकांशी मायेपोटी खोटं बोललो, आणि तुझ्या बापाला खरं वागायला अख्ख्या मुंबईत तेवढी एक जागा उरली होती, फोटोपुढची. मला तेवढं पुरतं.

तेरा तारखेला भोगी आहे आणि सोमवारही आहे. तिन्हीसांजेला ये. मास्क नको. मी शेवटचं गाऱ्हाणं घालीन, ती ओळ बदलीन, तू मागे उभी राहा आणि हुंकार दे. मग मी उठेन. पळसाच्या पानांचं गावाला जाऊन करू, रमाकांतला सांग टेम्पो बघ.

आणि त्या वासाला घाबरू नकोस. भाऊ आहे तुझा.

तुझी,
आई


गावच्या घरून
२० जानेवारी २०२५

चि. सौ. दर्शना हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचले. काल विधी झाला. तीनशे साठ पानं मोजून त्यांचा देह केला, पुतण्याने अग्नी दिला. नदीवर ऊन चांगलं होतं. मी रडले आणि मग मला फार भूक लागली. बारा वर्षांनी भोगीची भाजी खाल्ली, सहा दिवस उशिराने का होईना.

त्या संध्याकाळी आपलं बोलणं झालंच नाही. गाऱ्हाणं संपलं आणि रमाकांत खाली हॉर्न वाजवतोय म्हणून, सहा वाजून गेले होते तरी, मनू धावत वर आला. तू माझं गाठोडं घेऊन पुढे गेलीस, मी कुलूप लावत राहिले. पाडायच्या खोलीला कशाला कुलूप लावते, असं रमाकांत म्हणाला असेल. म्हणू दे.

पण मला तुला शाबासकी द्यायची आहे. मी डोळे मिटले होते, काचेत बघायचं नाही असं ठरवलं होतं. मी म्हटलं, माझो लवू गेलो, तेका तुझ्या पायाकडे घे, आणि जेनी जेनी ह्या पोटात घातल्यानी, माझ्यासकट, तेंका मोकळे कर रे म्हाराजा. आणि थांबले. आधी काहीच आलं नाही. परत चाळ गप्प राहणार असं वाटलं. मग मागून हुंकार आला. पायांना नव्हे, कानांना ऐकू आला. या मेलेल्या कानांना, स्पष्ट. दर्शना, तू आवाजाने थेट बापावर गेली आहेस हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. तसाच भरदार, तसाच उशिराने, सावकाश. ती ओळ बारा वर्षांनी सुटली. तुझं फार मोठं काम झालं, बाळा.

ओवीला सांग, आजी शिमग्याला येते आणि आतल्या खोलीत राहते. चित्रं परत लाव म्हणावं. मला भिंत मोकळी आवडत नाही.

तुझी,
आई


ठाकूरद्वार
२७ जानेवारी २०२५

ति. आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. ओवीने चित्रं लावली. तुझ्या उशाला मांजराचं लावलं आहे, ते वाघाचं आहे असं तिचं म्हणणं.

जिन्यावरचा वास गेला. भोगीच्या रात्री घरी आले तेव्हाच नव्हता. मी दोनदा वरखाली करून बघितलं. बरं वाटायला हवं होतं, आणि मी पायरीवर बसून रडले. सासूबाईंनी येऊन हात धरून वर नेलं. काल संध्याकाळी दिवा लावला आणि हात जोडले. काय मागायचं ते सुचलं नाही, नुसती उभी राहिले.

आता यापुढे आपल्या घरात मायेपोटी काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून एक लिहिते. न लिहिता चाललं असतं. तू खूश होतीस.

त्या दिवशी तू ती ओळ बोललीस. व्हय म्हाराजा म्हणायचं म्हणून मी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. मी हुंकार दिला नाही, आई.

पण ऐकला मीही. आणि आवाज ओळखला.

तुझी,
दर्शना